कुरण वाचवणारा गृहस्थ

हॅमिल्टन शहराच्या टोकाला आमची नवी वसाहत झाली, त्याच वर्षी एक गृहस्थ सह्यांचा कागद घेऊन दारात आला. समोरच्या कुरणावर जोडघरं होणार होती आणि ती त्याला थांबवायची होती. बोलताना तो सारखा मागे वळून कुरण जागेवर आहे ना, ते बघत होता.

"शहरातले जुने रहिवासी महास्वार्थी," तो म्हणाला. "तिथे नवी घरं बांधूच देत नाहीत. म्हणून तर आम्हाला इतक्या लांब यावं लागलं!"

"पण आपली घरंही कुरणावरच बांधलीत ना?" मी विचारलं.

"हो, पण तेव्हा मी इथे राहत नव्हतो," तो अगदी मनापासून म्हणाला.

मला हसू आलं. मग माझ्या खिडकीसमोर चरणाऱ्या गाई दिसल्या आणि मी मुकाट्याने सही केली.