अंकल लिमना बाकावर बसवलं तो रविवार

अकरा वर्षांपूर्वी बडनेरा स्टेशनवर मला सोडायला घरचे सगळे आले होते. आईने तीन दिवस टिकतील अशा दशम्या बांधल्या होत्या, मामी डोळे पुसत होती, आणि माझा नवरा निखिल दोन बॅगांवर बसून पासपोर्ट पुन्हा पुन्हा तपासत होता. बाबा मात्र प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन उभे. गाडी लागल्यावर आले आणि डब्याच्या दाराशी येऊन एवढंच म्हणाले, "तिथं गेल्यावर आधी मैदान पाय. घर मंग पाय."

आईने कपाळाला हात लावला. "कंप्युटरच्या नोकरीवर चालली ती. मैदान कशाले पाहील?"

तुम्हा आठ जणींना यात नवल वाटणार नाही. तुमचे पी.टी.चे सर ते माझे बाबा. अमरावतीच्या त्या खडकाळ मैदानावर आपल्याला सॉफ्टबॉल शिकवला तो त्यांनीच. आज तुमच्यातल्या पाच जणी अजून तिथेच आहेत, दोघी पुण्यात, एक कॅनडात, आणि मी सिंगापूरला. ग्रुपवर वैशालीने विचारलं होतं, "मीनल, तू तिथे खरंच अजून खेळतेस?" त्याचं उत्तर मेसेजमध्ये मावेना, म्हणून हे लिहायला बसले.

पहिली सहा वर्षं मी मैदान पाहिलंच नाही. यिशुनला भाड्याचा फ्लॅट, सकाळची एमआरटी मेट्रो, ऑफिसातलं टेस्टिंग, दर दोन-तीन वर्षांनी कामाचा पास रिन्यू होईल का याची धाकधूक. ईरा झाली, बोलायला लागली, आणि तिची मराठी बालवाडीत जाताच अर्धी झाली. रविवारी मी कपडे वाळत घालायची आणि अमरावतीला फोन करायची. बाबा दर वेळी विचारायचे, "मैदान भेटलं का?" मी विषय बदलायची.

मग आम्ही टॅम्पिनीसला राहायला आलो. एका रविवारी ईराला सायकल शिकवत पासिर रिसच्या बाजूला गेले, तर झाडांमागून आवाज आला. चामड्याच्या ग्लोव्हमध्ये चेंडू येऊन बसतो, तो. तुम्हाला माहीत आहे, त्या आवाजाची नक्कल दुसरं काही करू शकत नाही. मी सायकल तशीच सोडून जाळीपाशी गेले. ईरा मागे पडली होती, ओरडत होती, मला ऐकूच येईना.

आत सरावाचा सामना लागायचा होता आणि एका टीमला एक माणूस कमी पडत होता. साठीचा, काटकुळा, टोपी मागे सरकवलेला एक चिनी माणूस जाळीपाशी आला. "आधी खेळली आहेस?"

"वीस वर्षांपूर्वी."

"वीस वर्षं नेव्हर माइंड. कम, कम."

हे अंकल लिम. बसदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले. ही बाया-पुरुषांची मिक्स टीम वीस वर्षांपूर्वी त्यांनीच जमवली, आणि तेव्हापासून चेंडू टाकणारे, म्हणजे पिचर, तेच. त्यांनी मला सेकंड बेसवर उभं केलं. पहिलाच चेंडू माझ्या दोन पायांमधून गेला. दुसरा अडवला. तिसरा अडवून फर्स्टला फेकला, आणि फेकताना खांदा असा काही दुखला की मला हसूच फुटलं. घरी जाऊन बाबांना फोन केला. म्हटलं, मैदान भेटलं. मागून आईचा आवाज, "अहो, रडता काय?"

पुढच्या रविवारपासून माझा फोन रबरबँडने जाळीला बांधलेला असायचा. आमचे साडेनऊ म्हणजे अमरावतीचे सात. बाबा चहाचा कप घेऊन व्हिडिओ कॉलवर हजर. त्यांना टीममधल्या सगळ्यांची नावं पाठ झाली आणि प्रत्येकाबद्दल मत झालं. टीममध्ये मराठीचं एक अक्षरही कुणाला येत नाही, पण बाबांचं "पाय, पाय, पाय!" म्हणजे धाव, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. ते नुसतं 'पाहा' आहे, असा खुलासा मी केला नाही.

अंकल लिमनी मला सिंगापूर शिकवलं असं म्हटलं तर खोटं होणार नाही. खाण्याच्या टपऱ्यांच्या कुठल्या हॉकर सेंटरमध्ये कुठली रांग लांब असली तरी धरायची, वीज पडण्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की सामना कितीही रंगलेला असो, मैदान कसं सोडायचं, शेजारच्या मलय काकूंना ईदला काय न्यायचं. ईराला डेंग्यू झाला तेव्हा निखिल बाहेरगावी होता, आणि हा माणूस चार दिवस रोज घरी पॉरिज, म्हणजे तांदळाची पेज, आणून देत होता. बेल वाजवायचे, डबा द्यायचे, जायचे.

आमचं भांडण व्हायचं ते फक्त बॅटिंग ऑर्डरवरून. अंकल वयाने ऑर्डर लावायचे, सर्वांत मोठा पहिला. मी म्हणायची, पहिल्या नंबरवर जो बेसवर पोचतो तो हवा, मग तो फटका मारून पोचो की चार वाइड बॉल सोडून. लांब मारणारा चौथा, म्हणजे पुढचे बेसवर असताना त्याचा फटका कामी येतो. आणि नवव्या नंबरला अगदीच कच्चा खेळाडू टाकून द्यायचा नाही, कारण त्याच्यानंतर परत पहिला येतो. हे सगळं बाबांचं शिकवलेलं, मी फक्त इंग्रजीत सांगायची. शेवटी एकदा वैतागून त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "यू सो क्लेव्हर, यू राइट लाह."

तेव्हापासून दर रविवारी नऊ नावं मी लिहिते. आणि पिचरच्या जागी कधी विचार न करता लिम लिहायची.

गेल्या मोसमात त्यांचा खांदा गेला. ते सांगत नव्हते, पण तिसऱ्या इनिंगनंतर त्यांचा चेंडू नुसता तरंगत यायचा. बाकावर सिती बसलेली असायची. बावीस वर्षांची, नर्सिंग शिकणारी. खालून हात फिरवून चेंडू सोडायची तो कॅचरच्या हाताला झिणझिण्या आणायचा. आम्ही तीन सामने हातातले घालवले, तिन्ही शेवटच्या इनिंगांमध्ये. शेवटचा सामना जिंकलो तरच वरच्या गटात जाणार होतो. सिती एकदा हळूच म्हणाली, "आंटी, मी दुसरी टीम बघू का?" तिने चिडून विचारलं नव्हतं, म्हणूनच मला जास्त लागलं.

मी बाबांना फोन केला. म्हटलं, काय करू?

 बाबा म्हणाले, "तुले जिल्ह्याची फायनल आठवते?"

आठवते का म्हणे! सोळा वर्षांची होते. वर्षभर सेकंड बेस माझा, आणि फायनलला बाबांनी मला बाकावर बसवून वैशालीला खेळवलं. आपण हरलो. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. नंतर घरात तो विषय पुन्हा कधीच निघाला नाही.

"माझं चुकलं होतं," बाबा म्हणाले. "तू खेळली असती तं जिंकलो असतो."

 पंचवीस वर्षांनी!

"मंग काऊन बसवलं?" मी विचारलं.

"लोक म्हनतील, मास्तरनं घरची पोरगी खेळवली. त्याचं भेव वाटलं. वैशाली चांगलीच होती, पन तिचा तो दिवस नव्हता, अन् मले ते दिसत होतं." खोकले. "भेव मनात ठेवून नावं लिहू नको. बाकी चुकली तं चुकली."

वैशाली, रागावू नकोस. मी हे मुद्दाम लिहिलं, कारण त्यांनीच सांगितलं, "तिलेही सांग."

शनिवारी सकाळी अंकल लिमना टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमध्ये बोलावलं. कोपी, म्हणजे इथली कॉफी, आली. मी आदल्या दिवशी पाठ केलेली वाक्यं सगळी विसरले आणि सरळ म्हटलं, "अंकल, उद्या सिती सुरुवात करेल. तुम्ही बाकावर."

त्यांनी कप खाली ठेवला. "वीस वर्षं मी पिच करतो."

"माहीत आहे."

"ही टीम मी बनवली."

"माहीत आहे, अंकल."

"तू आलीस तेव्हा चेंडू तुझ्या पायांतून गेला. मी तुला काढलं?"

 ते उठले, ट्रे उचलला, माझा अर्धा भरलेला कपही त्यात ठेवला, आणि ट्रे परत करायच्या रॅकवर ठेवून निघून गेले. मी घरी येऊन निखिलला म्हटलं, "ते उद्या येणार नाहीत." रात्री पॉरिजचे चार डबे डोळ्यांपुढून हलेनात.

पण ते आले. सगळ्यांच्या आधी. बाकाच्या टोकाला, हाताची घडी, टोपी डोळ्यांवर. मी "गुड मॉर्निंग" म्हटलं, त्यांनी मैदानाकडे बघून मान हलवली.

चार इनिंग सितीने सुरेख टाकल्या. आमचे चार रन, त्यांचे दोन. पाचव्या इनिंगला काय झालं कोण जाणे, तिचा चेंडू भरकटायला लागला. चार-चार वाइड टाकून दोघांना वॉक दिला, तिसऱ्याने फटका मारून एक रन काढला, चौथ्याला परत वॉक. चार-तीन, तिन्ही बेस भरलेले, एकही आउट नाही. सितीचे डोळे भरून आले होते. मी टाइम मागितला.

सॉफ्टबॉलमधला एक नियम ज्यांच्या विस्मरणात गेला असेल त्यांच्यासाठी: सुरुवातीला खेळणाऱ्याला बाहेर काढलं तर तो एकदा परत येऊ शकतो. समोरच्यांची नजर सितीच्या वेगाला बसली होती. अशा वेळी एकदम हळू चेंडू आला तर? मी बाकाकडे बघितलं.

जाळीवरून बाबा ओरडले, "म्हाताऱ्याले आनू नको! पोरीले राहू दे! तिचा धीर खचीन!"

मी बाकापाशी गेले. "अंकल, दोन बॅटर. फक्त दोन. मग सिती परत येईल आणि तुम्हाला परत येता येणार नाही."

"नियम मला माहीत आहे," ते उठत म्हणाले. "तुला इथे कोणी शिकवला?"

त्यांचा पहिला चेंडू एवढा सावकाश आला की बॅटरने चेंडू पोचायच्या आधीच बॅट फिरवली. दुसऱ्याला कशीबशी कड लागली, चेंडू सरळ वर गेला आणि अंकलनी स्वतःच झेलला. पुढच्या बॅटरने जमिनीसरसा मारला, माझ्याकडे. मुलींनो, मला काहीच विचार करावा लागला नाही. हात खाली गेला, चेंडू आला, शॉर्टस्टॉपला दिला, त्याने बेसला पाय लावून फर्स्टला फेकला. एका चेंडूत दोन आउट, इनिंग संपली. मी किंचाळले ते म्हणे कार पार्कपर्यंत ऐकू गेलं. ईराने डोळे झाकून घेतले. "मम्मी, सो एम्बॅरसिंग लाह!"

अंकल लिम बाकाशी आले. चेंडू सितीच्या हातात दिला, तिचं मनगट धरून थोडं वळवून दाखवलं आणि म्हणाले, "सोडताना घाई करू नकोस. जोर आहे तुझ्यात, तो कुठे जात नाही." मग खाली बसले. यावेळी हाताची घडी नव्हती, आणि टोपी मागे होती.

सितीने उरलेल्या दोन्ही इनिंगांमध्ये कुणाला बेस गाठू दिला नाही. चार-तीन. आम्ही एकमेकांवर पडलो, लोळलो. कुणीतरी फोन जाळीवरून काढून बाबांनाही त्या ढिगाऱ्यात घेतलं, तर ते आतून ओरडतच होते, "जिंकली म्हनून बरोबर झालं असं नाही! पोरीले राहू द्यायचं होतं!" त्यांचं हे मत आजही कायम आहे. माझंही.

यंदा आई-बाबा महिनाभर इथे आले आहेत. आईला लिफ्ट, झाडं आणि कढीपत्त्याचा ताजेपणा पसंत पडला आहे. बाबा दर रविवारी माझ्याआधी बूट घालून दारात उभे असतात. ते आणि अंकल लिम एकाच बाकावर बसतात. एकाला इंग्रजी बेताचं, दुसऱ्याला मराठी शून्य. परवा दोघं मिळून मातीत काडीने नऊ आकडे लिहीत होते, आणि एकाने लिहिलेला दुसरा पायाने पुसत होता. सितीने विचारलं, "आंटी, यांना थांबवायचं का?" म्हटलं, राहू दे.

तेवढ्यात जाळीपलीकडे एक तरुण मुलगी दिसली. ऐकत होती, बहुधा बाबांचं मराठी. जवळ आली. नागपूरची, दीड महिन्यापूर्वी संशोधनाच्या कामासाठी आलेली, यिशुनला दोघींबरोबर खोली घेऊन राहते. एवढ्या लांब का आली, तर म्हणाली, "एमआरटीने शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन बघायचं ठरवलं होतं." तिचा चेहरा मला फार ओळखीचा वाटला, माझ्याच इथल्या पहिल्या वर्षातला. तिने विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या?"

"इथलीच," मी म्हटलं.

शब्द तोंडातून गेला आणि मग मला कळलं की बाबा दोन हातांच्या अंतरावर बसले आहेत. मी वळून बघितलं. त्यांनी काडी खाली ठेवली होती. माझं बोलणं लागलं असेल त्यांना, असं मला वाटलं. तीही गोंधळली. "म्हणजे... मूळच्या?"

उत्तर बाबांनी दिलं. "मूळची अमरावतीची. माझी पोरगी. पन ती खरं सांगते, हे मैदान तिचंच आहे." आणि सरकून तिच्यासाठी बाकावर जागा करत म्हणाले, "उभी काऊन आहे वं? ये आत. उजव्या हातानं खेळते का डाव्या?"

"काका, मी तर कधी खेळलेच नाही."

अंकल लिमना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी आपला ग्लोव्ह काढून तिच्यापुढे धरला.