भांडं न ठेवता नेलेला शर्ट

विद्यापीठातून आलेल्या लोकांनी अहमदपूरच्या एका म्हातारीला फसवलं. तिच्या मुलाचा शर्ट पंधरा दिवसांसाठी नेला आणि परत दिला नाही. तो तिच्याकडून काढून मी दिला होता.

मी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. आता बाजारात माझं स्वतःचं दुकान आहे, पण अर्धं आयुष्य डोक्यावर पाटी घेऊन गल्ल्या पालथ्या घालण्यात गेलं. कुठल्या घरातला माणूस आखातात गेला हे मला तिथल्या जुन्या साड्यांवरून कळायचं. त्या माणसाचे कपडे मात्र कुणी सौद्याला काढत नाही. कपडे दिले म्हणजे त्याची वाट बघणं सोडलं. आमच्या धंद्याचाही एक नियम आहे. भांडं दिल्याशिवाय कपडा उचलायचा नाही, आणि भांडं उंबऱ्याच्या आत गेलं की सौदा पक्का. मग कुणी कितीही रडो, कपडा परत मिळत नाही.

ही म्हातारी शिंप्याची बायको. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणते. मुलगाही बापाच्याच मशीनवर बसायचा. आखातात गेला, दर शुक्रवारी फोन करायचा, आणि एका शुक्रवारपासून फोन बंद झाला. आहे की नाही, कुणालाच माहीत नाही. निघायच्या सकाळी त्याने स्वतः शिवलेला निळ्या चौकटीचा शर्ट उतरवून खिळ्याला अडकवला होता. खालाने तो कधी धुतला नाही. त्याला अजून त्याचा वास आहे, म्हणायची.

मी मुद्दाम तिला डिवचायचे. "खाला, मोठी कढई देते, टाक तो शर्ट."

"तुझं सगळं दुकान दिलं तरी न्हाई."

"दुकानात मीबी बसलेली असते. मलाबी घ्यावं लागंल."

"तुला कोण घेतंय? तोंडाला कुलूप न्हाई तुझ्या!"

मग ते लोक आले. लांबच्या शहरातल्या विद्यापीठाची मुलं-मुली आणि त्यांच्या मॅडम. परदेशात कामाला गेलेल्या माणसांच्या घरांचा अभ्यास करायचा होता. नांदेडला लॉजवर उतरले होते, हदगावकडेही फिरले, पण दारं उघडेनात. कुणीतरी माझं नाव सांगितलं. त्यांनी माझ्या गळ्यात एक कार्ड घातलं, 'स्थानिक संशोधन साहाय्यक'. मी चौथी शिकलेली. ते कार्ड मी दुकानात बसतानाही काढत नव्हते. एवढ्या वर्षांत मला कुणी स्वस्तात घेतलं नव्हतं. त्यांनी कार्डाच्या एका दोरीवर घेतलं.

प्रदर्शनासाठी त्यांना प्रत्येक घरातली एक वस्तू पंधरा दिवसांसाठी हवी होती. एका मुलीने तो शर्ट पाहिला. "ताई, तुम्ही मागितलात तर त्या देतील."

दुपारी मी खालासमोर बसले. वर्षानुवर्षं जे जमलं नव्हतं ते तासाभरात केलं. म्हणाले, "खाला, लई लोक बघतील. शर्टाखाली त्याचं नाव असंल, तिकडून आलेला एखादा वळखंल. खबर लागंल."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथं बसल्या बसल्या मी जुळवलं.

"खरं?"

"मी जामीन."

तिने शर्ट खिळ्यावरून काढला. तिचा हात रिकामा राहू नये म्हणून सवयीने मी एक तांब्या तिच्या उंबऱ्यात ठेवला. तिने तो लगेच बाहेर सरकवला. "बर्तन नको ठेवू. सौदा होईल." मग मुलीने कागद पुढे केला. इंग्रजीत होता. खालाने अंगठा उठवला.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. मी नांदेडला प्रदर्शनाच्या हॉलवर गेले. काचेच्या पेटीत शर्ट होता, दोन्ही बाह्या पसरून टाचण्यांनी टोचलेला. धुतलेला, इस्त्री केलेला.

"हा धुतला कुणी?"

"ताई, जतन करायचं म्हणजे धुवावंच लागतं," मॅडम म्हणाल्या. "किती मळला होता तो."

मी ओरडले. माणसं गोळा झाली. मॅडमनी कागद दाखवला. त्यात वस्तू कायमची दिली असं लिहिलं होतं म्हणे.

"वाचून कुणी दाखवलं तिला?"

त्या मुलीने कागद घडी करून फायलीत ठेवला. मॅडम म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांना भेटवस्तूही पाठवल्यात." त्या शब्दाकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

एसटीने थेट खालाकडे आले. धुतल्याचं सांगायचं नाही, एवढं वाटेत ठरवलं होतं. ती दारात बसली होती. पुढ्यात कुरिअरचा फोडलेला खोका, आणि उंबऱ्याच्या आत स्टीलची नवी चकचकीत पाण्याची बाटली.

"बर्तन आलं," ती म्हणाली. "म्हंजे सौदा झाला ना?"

"खाला, बर्तन न्हाई ते. बाटली हाय."

"स्टील हाय." बाटलीवर बोट ठेवून तिने विचारलं, "त्यांना कळलं का काही? तो राहिला न्हाई, म्हणून पाठवलं का?"

मी नाही नाही म्हणत राहिले. पण जामीनही मीच झाले होते. त्या तोंडावर ती कशाला विश्वास ठेवेल?

दर शुक्रवारी ती फोन चार्ज करून मांडीवर घेऊन बसायची. आता बसत नाही. बाटली मी उचलून दुकानात आणली. गिऱ्हाइकं भाव विचारतात, मी त्यांच्या अंगावर धावून जाते. जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात निळी चौकट दिसली की हात थांबतो. मी कपडा नाकाशी नेते. दुसऱ्याच कुणाचा तरी घाम असतो.

मॅडम, त्या घरातला खिळा अजून रिकामा आहे. तुमची बाटली घेऊन जा. शर्ट घेऊन अहमदपूरला या, त्या उंबऱ्यात बसा, आणि तिचा मुलगा मेला हे तुम्हाला कुणी सांगितलं याचं उत्तर तिला द्या. मी शेजारी बसेन. मलाही द्यायचं आहे.