अक्षर मी ओळखलं

सातवीतल्या त्या मुलीचं नाव मुख्याध्यापकांना मी सांगितलं. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. चिठ्ठीवर नाव नव्हतं, पण दोन वर्षं तिच्या वह्या तपासलेल्या. अक्षर बघताक्षणी ओळखलं.

चकलांब्याच्या बाजूला एका गावात मी शिक्षक आहे. त्या आठवड्यात नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क शिकवले होते. शिकवताना मला चेव येतो. अन्याय वाटला तर बोला, तोंडाने जमत नसेल तर व्हरांड्यातल्या तक्रारपेटीत लिहून टाका, नाव घालायची गरज नाही, असं मीच वर्गात सांगितलं. पेटी खरं तर समितीसमोर उघडायची असते. आमच्याकडे तिची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात पडलेली असायची आणि पेटीत चॉकलेटचे कागद सापडायचे.

त्या शनिवारी चिठ्ठी निघाली. शिक्षकांच्या खोलीत मी ती मोठ्याने वाचली. "तपासणीला साहेब येणार असले की संडास धुवायला आमच्या वस्तीतल्याच मुलींना कावून बोलावतात? सरांनी शिकवलं सगळे समान हायेत."

नावं पुकारणारा मीच. मुख्याध्यापक सांगायचे, मी पुकारायचो. दर खेपेला त्याच चौघी.

मुख्याध्यापकांनी चिठ्ठी हिसकावून घेतली. "सरांनी शिकवलं? म्हंजे तूच लिहून घेतलं व्हय बे? माझी खुर्ची पाहिजे का तुला?"

शेजारचे गुरुजी हसले. "आता साहेब आले की संडास सरच धुतील."

मी घाबरलो. अंगावरचा आळ झटकायला म्हणालो, "मी नाही सर. हे अक्षर तिचं आहे." आणि नाव घेतलं.

सोमवारी तिच्या वडिलांना बोलावणं गेलं. ते गवंडी, कामावरून उठून आलेले, हाताला सिमेंट तसंच. परिपाठाला सगळी मुलं रांगेत उभी होती. मुख्याध्यापकांनी तिला पुढे बोलावलं आणि वडिलांना सुनावलं, "पोरगी लई शहाणी झाली. तक्रारी लिवती. आवरा तिला, न्हाई तर दाखला घेऊन जा."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. जमिनीकडे बघत राहिलो. वडील तिला घेऊन निघून गेले.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. आठवडा गेला. मग कळलं, आईबरोबर कापूस वेचायला जाते. हजेरीपटावरून मुली कशा गळतात ते मी नोकरीभर बघत आलोय. आणखी महिनाभर गेला असता तर तिची शाळा संपलीच असती.

मी वस्तीवर गेलो. वडिलांनी बसा म्हटलं नाही.

"कावून आलाव?"

"माफी मागायला."

ती दारात आली. "तुमीच म्हणलाव ना सर, नाव घालायची गरज न्हाई." एवढं बोलून आत गेली.

"पोरीला साऱ्या शाळेपुढं उभं केलं," वडील म्हणाले, "आन् माफी इथं, कुणी न्हाई बघून? मागायची तर तिथंच मागा. मग बघू तिला धाडायचं का न्हाई. निघा आता."

मुख्याध्यापकांना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "परिपाठात तोंड उघडून तर बघ. वर असा रिपोर्ट धाडीन, जन्मभर आठवशील." त्या दिवसापासून खोलीत माझ्याशी कुणी बोलेना. चहा यायचा, तो माझा कप सोडून.

गुरुवारी मुलांनी संविधानाची उद्देशिका म्हणून संपवली आणि मी रांगांपुढे गेलो. मी आदल्या दिवशी निरोप धाडला होता, म्हणून ती आणि तिचे वडील फाटकाबाहेर उभे होते. आत यायला तयार नव्हते. तिच्या खांद्याला दप्तर नव्हतं.

"मागं व्हा, सर!" मुख्याध्यापक ओरडले.

मी झालो नाही. फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"संडास धुवायला मी चौघींचीच नावं पुकारत आलो, त्या कुठल्या वस्तीतल्या आहेत ते बघून. एकीने त्याचं कारण विचारलं, तेव्हा स्वतःला वाचवायला मी तिचं नाव सांगितलं. तिने लिहिलं ते खरं होतं. पोरी, मी तुझी माफी मागतो. त्या तिघींची मागतो. आणि तुझ्या वडिलांची."