न हललेले सुकाणू

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. पतींना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे उभी राहिले तेव्हाही मी एवढा भाग वगळूनच हात जोडले. तुम्ही समोर बसला आहात असे धरून लिहिते आहे — मध्येच थांबले तर थांबू द्या. सुरुवात कुठून करावी? विमानापासून, की साडीपासून?

साडीपासूनच करते. राग तिथला आहे.

माझ्या आईची एक रेशमी साडी होती. चाफ्याच्या पाकळीच्या आतल्या अंगाला जो पिवळा असतो, पांढऱ्यात विरघळत जाणारा, तो तिचा रंग. नेसून नेसून ती इतकी तलम झाली होती की ओंजळीत धरली तर पाण्यासारखी बोटांमधून ओघळे. आई गेल्यावर मी तेवढीच मागून घेतली. लग्न होऊन नागपूरहून भिलाईला आले तेव्हा ती ट्रंकेच्या तळाशी होती. पोलादाचा कारखाना अजून उभा राहत होता. सेक्टर दोनमधल्या आमच्या नव्याकोऱ्या क्वार्टरला ओल्या सिमेंटचा आणि चुन्याचा वास, दाराबाहेर लाल मुरमाची धूळ, आणि ती धूळ जिभेवर लोखंडासारखी लागायची. त्या परक्या वासांत ओळखीचा वास एकच — वाळा, कापूर, आणि त्यांच्याही खाली, अगदी खाली, आईची मान. दुपारी ट्रंक उघडून मी साडीत तोंड खुपसून बसत असे. त्यात लाजण्यासारखे काय होते? पण मी लाजले. यांना कधी सांगितले नाही.

यांना — माझ्या पतींना — विमानांचे वेड होते. भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा; नांगर दुरुस्त करता करता लाकूड हातात बोलू लागलेले. कारखान्यातल्या रोलिंग मिलमध्ये फोरमन झाले तरी बोटांना लाकडाची भूक होतीच. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन इंजिनिअरने जाताना यांना एक चिमुकले इंजिन आणि बिनतारी संच देऊन टाकला. पेटीवरचे बटण दाबले की दूर, उडत्या विमानाच्या शेपटीतले सुकाणू हलायचे — एकदा दाबले तर उजवीकडे, दोनदा दाबले तर डावीकडे. हे त्याला 'रडर' म्हणत. हलक्या लाकडाच्या पट्ट्या घासून यांनी हातभर लांबीचे पंख घडवले. पण संच अर्धमेला होता. तो जिवंत केला मेश्रामभाऊजींनी.

मेश्रामभाऊजी मागच्या ओळीत राहत. प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन. भिंतीवर बुद्धाची तसबीर असलेल्या त्यांच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी साऱ्या सेक्टरचे आजारी रेडिओ उघडून पडलेले असत. त्यांची बायको सुशीला ही त्या गावातली माझी एकुलती एक मैत्रीण. रविवारी दोघे जण आमच्या व्हरांड्यात विमान घेऊन बसत. इंजिनाच्या इंधनातल्या एरंडेलाचा आणि ईथरचा दर्प थेट माझ्या फोडणीत येऊन मिसळे. इंजिन नुसतेच फुरफुरून बंद पडले की भाऊजी म्हणत, "भाऊ, हे विमान तुमच्या सासऱ्यावानी हाय. बोलते भरपूर, उठत काई नाई." मी आतून हसू दाबत असे. हसत होतो आम्ही, खरेच — चौघेही.

मग तो दिवस. कॅम्प-१च्या बाजारातून भाजी घेऊन परतले, तर दारातच एक गोड, पिकल्या केळ्यासारखा वास नाकात शिरला. पंखांवर कापड ताणून त्यावर जे रोगण फिरवतात, त्याचा. ते वाळले की कापड ढोलकीसारखे कडक होते. परदेशात पंखांना तलम रेशीम लावतात, हे यांनी मला मागेच सांगितले होते. मी ऐकलेही होते. पण कान देऊन ऐकले नव्हते.

टेबलावर आईची साडी होती. साडी कसली — तुकडे. एका पंखावर ती चढून वाळलीसुद्धा होती.

"विचारायचं तरी होतं," मी म्हणाले.

"कायले? तू नाईच म्हटलं असतं." यांनी मान वर केली नाही. "ट्रंकेत पडून पडून विरूनच जाणार होती. आता उडंल तरी. तुले त खूश व्हायले पायजे." आणि जरीचे कापलेले काठ माझ्याकडे सरकवले. "हे जड होते. ओटा पुसायले घे."

मी रडले नाही. भाजी निवडायला बसले. मेथीचे एकेक पान खुडताना माझ्या आत काहीतरी फार शांत, फार थंड होत गेले. तुम्ही कधी सूड पोसला आहे का? तो आरडाओरडा करत नाही. तो घरातली कामे नीट करतो. काठ मी धुऊन, घडी घालून ठेवले. आणि त्या दिवसापासून मी यांना विमानाच्या कामात मदत करू लागले — आपणहून, हसतमुखाने. मी वाट पाहत होते. कशाची, ते मलाही ठाऊक नव्हते.

मदतीत माझ्या वाट्याला एक काम आले, आणि माझे डोळे तीक्ष्ण म्हणून ते माझेच होऊन बसले. प्रत्येक उड्डाणाआधी एक तपासणी करावी लागे. विमान उचलून मी मैदानाच्या पार टोकाला जायचे. हे इकडे पेटीची एरियलची सळई आत दुमडून बटण दाबणार, आणि दाबताना डावा हात वर करणार. तिकडे सुकाणू हलले तर मी माझा हात वर करायचा. नाही हलले तर हात खाली. एवढेच. तीनदा हात वर झाला की विमान उडवायचे. एकदा जरी खाली राहिला तर सारे थांबवून संच उघडायचा. या नियमाबाबत भाऊजी फार कडक होते. "वहिनी, रडर हललं नाई त हात खालीच ठेवजा," ते म्हणत. "लाजू नका. बिघाड त होनारच, मशीन हाय ते. जमिनीवर सापडला त बिघाड, हवेत सापडला त घात." लोकांना यांच्या पाठीमागे, लांब उभे करायचे, हाही त्यांचाच नियम.

थंडीतल्या एका रविवारी सकाळी यांनी मोठ्या साहेबांना बोलावले. साहेब सहकुटुंब आले. मिलमधली माणसे आली, सेक्टरमधल्या बायका आल्या. यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, आणि हातात ते विमान. सकाळचे ऊन पंखांतून आरपार येत होते. रेशमातून येणारा तो चाफ्याचा उजेड! साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "कितना सुंदर कपड़ा है." हे हसले. म्हणाले, "घर में पड़ा था."

घरात पडले होते.

मी विमान उचलून मैदानाच्या टोकाला गेले. दवाने पावले ओली झाली होती. दूरवर यांचा डावा हात वर गेला. मी शेपटीकडे पाहिले.

सुकाणू हलले नाही.

यांचा हात अजून वरच होता. सुकाणू निश्चल. आत कुठे हलकीशी टिकटिकही नाही. आणि मला एकदम कळले की मी इतके महिने याचीच वाट पाहत होते. काही मोडावे लागले नाही, काही कापावे लागले नाही. नुसता हात वर करायचा.

मी केला. तिन्ही वेळा, सावकाश, ताठ. तेव्हा काय वाटले, सांगू? गोड वाटले. तहानेल्या जिभेला गूळपाणी लागावे तसे. सगळ्यांदेखत ते भरकटेल, कुठल्याशा शेताच्या धुऱ्यावर आपटेल, साहेब हसतील, पांढऱ्या शर्टातला माणूस मान खाली घालेल, आणि ते रेशीम फाटेल — यांच्या नव्हे, माझ्या हाताने. दुसऱ्या कुणाचा विचार माझ्या मनात आला का? नाही. हे ठामपणे सांगते. आला नाही.

मी परत येऊन विमान भाऊजींच्या हाती दिले आणि बायकांच्या रांगेच्या कडेला, यांचा अंगठा दिसेल अशी उभी राहिले. भाऊजींनी वाऱ्याच्या तोंडाला धावत जाऊन विमान सोडले. ते उडाले. देखणे उडाले, हेही सांगायला हवे. गांधीलमाशीसारखा त्याचा आवाज, आणि मागे एरंडेलाच्या धुराची बारीक रेघ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते डावीकडे कलू लागले. हे बटण दाबत होते. मी यांचा अंगठा पाहत होते, विमान नव्हे — दाबतो आहे, दाबतो आहे, आणि आकाशात काहीच होत नाही. तो अंगठा पाहण्यातले सुख मी अजून विसरलेले नाही.

म्हणून मला दिसले नाही. विमान गिरकी घेत सर्वांच्या मागे गेले होते, खाली उतरत होते, बायकांच्या रांगेकडे. माझ्याकडे. सुशीला ओरडली असावी. कुणीतरी धावत येऊन मला खांद्याने ढकलले, मी मुरमावर पडले, आणि लाकूड फुटल्याचा कोरडा आवाज झाला.

मेश्रामभाऊजी माझ्यासमोर उभे होते. उजवा तळहात पुढे, विमान अडवायला धरलेला. विमानाच्या नाकावरच्या फिरत्या पंख्याने तो चिरला होता. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आले, आणि खाली, फाटलेल्या रेशमावर टपटपू लागले.

"लागलं का वहिनी?" त्यांनी विचारले. मला.

दवाखान्यात टाके घातले. परत येताना रिक्षात, हात छातीशी धरून, त्यांनी यांच्यासमोर मला एकच प्रश्न केला. "वहिनी, बरोबर आठवून सांगा. रडर हललं होतं ना?"

विमानाची गोष्ट इथे संपते. माझी इथे सुरू होते. मैदानावर मी जे केले, त्याला सूड म्हणा; त्या सुडाला निदान चेहरा होता, कारण होते. पण रिक्षात? समोरच्या माणसाने माझे काय कापले होते? नाही, एवढा एक शब्द. तो उच्चारला असता तर यांनी मला घराबाहेर काढले असते काय? नसते. शिव्या दिल्या असत्या, अबोला धरला असता. एवढ्याशाला मी भ्याले.

"हो भाऊजी," मी म्हणाले. "तिन्ही वेळा."

त्यांनी मान हलवली. जमिनीवर संच ठीक, हवेत बंद — म्हणजे आतला एखादा जोड कच्चा. म्हणजे ज्याने जोड दिला, त्याचा हात कच्चा. हे त्यांनी माझ्यादेखत, डोळे मिटून, मनात जुळवले. त्यांच्या चेहऱ्यावर ते मला जुळताना दिसले.

त्या संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, "नाजूक काम या लोकाइच्या हाती द्यायलेच नको होतं." सुशीलाच्या हातची झुणका-भाकर वर्षभर मागून खाल्लेला माणूस हे म्हणाला. त्याआधी कधी म्हणाला नव्हता. मनात कुठेतरी दडून बसलेल्या त्या वाक्याला पुरावा हवा होता, आणि तो मी पुरवला होता. मी काय केले? पानात वरण वाढले. पुढे ते वाक्य मी नळावर ऐकले, मग किराण्याच्या दुकानात, मग मिलमधल्या बायकांच्या तोंडी. रेडिओ हळूहळू दुसरीकडे जाऊ लागले. भाऊजींच्या पुढच्या खोलीतले टेबल आधी रिकामे झाले, मग भिंतीला लागले, मग त्यावर सुशीला पापड वाळत घालू लागली. तिने माझ्याकडे येणे सोडले नाही. मीच दार उशिरा उघडू लागले.

आणि माझा सूड? तो पुरा झाला. यांनी पुन्हा विमानाला हात लावला नाही. साहेबांपुढे त्यांची मान त्यानंतर कधी सरळ राहिली नाही. संध्याकाळी व्हरांड्यात रिकामे हात मांडीवर ठेवून बसलेले हे मला दिसत, आणि मला बरे वाटे. यांच्याबाबत मला अजूनही बरेच वाटते — खोटे कशाला लिहू?

पुढे मेश्राम कुटुंब रेल्वेच्या नोकरीवर नागपूरला निघाले. जाण्याच्या आदल्या दिवशी भाऊजी एकटेच आले. हे ड्युटीवर होते. ते उंबऱ्यातच उभे राहिले, आत येईनात.

"वहिनी, मी तो सेट किती डाव खोलून पाह्यला. एक जोड ढिला भेटला. पडल्यावर सुटला का आधीच ढिला होता, ते समजत नाई. मीच कच्चा ठेवला असन. तुमच्या डोळ्याले लागलं असतं त? मले रातची झोप येत नाई. जाऊन राहिलो, म्हनून आलो. मले माफ करा."

त्यांनी हात जोडले. उजव्या हाताची दोन बोटे वाकलेलीच राहिली. तळहात तळहाताला भिडेना. ते माझ्या उत्तरासाठी उभे होते. दार उघडे होते, घरात कुणी नव्हते, रस्त्यावरही कुणी नव्हते.

"जाऊ द्या भाऊजी," मी म्हणाले. "चूक कुणाकडूनही होते."

मी त्यांना माफ केले.