हलका घ्यावा की जड

आमच्या घरात एकाला वस्तू घ्यायची असली की बाकीच्यांना ती आपल्यासाठीच चालली आहे असं वाटायला लागतं. मागे मी चष्मा बदलायला निघाले तर आमचे हे म्हणाले, "फ्रेम जरा मोठी घे." का, तर कधीमधी त्यांना पेपर वाचायला लागला तर! तेव्हा जेवताना मी "लॅपटॉप घेते आहे" असं जाहीर केलं, त्याच क्षणी आपण काय ओढवून घेतलं हे मला कळायला हवं होतं.

लॅपटॉप मला गणिताच्या क्लाससाठी हवा होता. शाळेची नोकरी सोडल्यापासून मी अमरावतीच्या आमच्या घरातून संध्याकाळी ऑनलाइन शिकवते. मुलं दर्यापूर, बार्शीटाकळी, हिवरखेड अशी गावोगावची. जुना लॅपटॉप अजून चालतो, पण भिंतीतल्या प्लगच्या भरवशावर. त्याची बॅटरी केव्हाच मेली आहे. बिजागरी तुटली म्हणून पडद्यामागे पोह्यांचा डबा टेकवून ठेवावा लागतो. वायर जरा हलली की अर्धं समीकरण फळ्यावर आणि बाई गायब. मग मुलं आपसात ज्या गप्पा मारतात त्या मला नंतर पालकांकडून कळतात.

पण हे झालं जगाला सांगायचं कारण. खरं कारण अकोल्यात होतं. तिथे माझी आई एकटी राहते. गेल्या उन्हाळ्यात ती न्हाणीघरात घसरली, मनगट प्लास्टरमध्ये गेलं, आणि मला ते कळलं प्लास्टर निघाल्यावर, तेही शेजारणीकडून. विचारलं तर म्हणाली, "तुले सांगून का हाड लवकर जुडलं असतं?" तेव्हापासून मी दर रविवारी जाते आणि संध्याकाळच्या बसने परत येते. अमरावतीला यायला ती तयार नाही. तिची भिशी आहे, तिचा कढीपत्ता आहे, शिवाय आमच्या नळाच्या पाण्याला चव नाही. मला सोमवार ते गुरुवार तिच्याजवळ राहायचं होतं. पण तिच्या घरी इन्व्हर्टर नाही, आणि तिकडची वीज नेमकी माझ्या क्लासच्या वेळेला जाते. म्हणजे मला पाठीवर टाकून नेता येईल इतका हलका आणि वीज गेली तरी तग धरणारा लॅपटॉप हवा होता. एवढीच माझी अट होती आणि तीच मी कुणाला सांगितली नाही. आमच्या घरातलं गुपित म्हणजे मिरचीची फोडणी, चार घरं सोडूनही ठसका लागतो. आईच्या कानावर गेलं असतं तर ती एकच वाक्य बोलली असती, "मले काय धाड भरली?" आणि विषय मिटला असता.

तर जेवण तिथेच थांबलं आणि कॉन्फिगरेशन सुरू झालं.

मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "आई, सोळा जीबी रॅमच्या खाली पाहूच नको. आन ग्राफिक्स कार्ड वेगळं पाहिजे."

"मला त्रिकोण काढायचे असतात रे."

"त्रिकोणच त जड जाते," तो म्हणाला. त्याच्या बापाला हे पटलं, हे त्याहून वाईट.

यांचं म्हणणं, पडदा मोठा असावा. डोळ्यांना त्रास नको. कुणाच्या डोळ्यांना, ते विचारलं नाही, कारण क्रिकेटचा मोसम जवळ आला होता. दुसऱ्या दिवसापासून हे सकाळच्या फिरायच्या मंडळींना एकेक प्रश्न विचारून येऊ लागले. त्यातल्या एकाने स्वतःच्या हाताने मोबाइलही कधी चार्ज केलेला नाही, पण तोही म्हणाला, की वहिनींना सांगा, प्रोसेसर सात नंबरचा घ्या, पाचचा दम टाकतो. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची आमच्या गल्लीत कधीच टंचाई नव्हती.

तशात दर्यापूरहून जाऊबाईंना घेऊन दीर आले. तुरीचं पोतं उतरवून, पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "वयनी, सीडी टाकाची जागा हाय ना त्याच्यात?" आता कुठल्याच लॅपटॉपमध्ये ती नसते, हे मी सांगितलं. त्यांना धक्काच बसला. त्यांच्या लग्नाची कॅसेट होती, ती खर्च करून सीडीवर उतरवली, आणि आता सीडी लावायला यंत्र नाही. "म्हंजे आमचं लगन कोनाले दिसनारच नाई?" त्यांनी इतक्या कळवळून विचारलं की जाऊबाई मागून "बरंच झालं" म्हणाल्या ते त्यांना ऐकूही गेलं नाही. मग सीडी नाही तर नाही, निदान उजव्या हाताला आकड्यांची वेगळी बटणं असावीत, असं त्यांनी ठरवलं. गणिताची बाई आणि आकड्यांची बटणं नाहीत, हे बरं दिसत नाही म्हणे.

मी मुकाट्याने हिंदीतले व्हिडिओ पाहत बसले. त्यातला प्रत्येक मुलगा "दोस्तों" म्हणून सुरू करायचा आणि शेवटी "आपकी जरूरत पे डिपेंड करता है" म्हणून हात झटकायचा. तरी त्यातून निवडत निवडत मी दोन लॅपटॉपपाशी येऊन थांबले. पहिला चौदा इंची, सव्वा किलोचा, दिवसभर बॅटरी, रॅम आठ जीबी आणि ती कायमची आठच, पुढे वाढवता येत नाही. दुसरा मोठ्या पडद्याचा, अडीच किलोचा, सोळा जीबी, ग्राफिक्स कार्ड, आकड्यांची बटणं, पण बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकणारी. घरातल्या सगळ्यांचा लॅपटॉप हा दुसरा होता. माझा पहिला. आणि माझा पहिला दुसऱ्यापेक्षा महाग होता, त्यामुळे वाद घालायलाही तोंड नव्हतं.

घ्यायचा कुठे, यावर मात्र घरात एकमत होतं. अमरावतीकराला अकोल्यात वस्तू स्वस्त मिळते असं वाटतं आणि अकोलेकराला अमरावतीत. दोघंही वाटेत मूर्तिजापूरला एकमेकांच्या एसटीकडे कीव करत पाहतात. मी राजकमल चौकातल्या दुकानात भाव विचारून आले आणि रविवारी अकोल्याची बस धरली. आईला फोनवर सांगितलं होतं. ती म्हणाली, "माह्या वळखीचा हाय एक दुकानदार. मोबाइल त्याच्यापासूनच घेतला. मी येतो संगं." आमच्याकडे ओळखीशिवाय खरेदी करणं म्हणजे आमंत्रणाशिवाय जेवायला बसण्यासारखं आहे. मी हो म्हटलं आणि तिथेच माझं घोडं अडलं.

एक गोष्ट सांगायला हवी. नात्यात कुणाही मुलीचं लग्न ठरलं की आंदणाची भांडी घ्यायला माझ्या आईला नेतात. ती किंमत विचारत नाही, नक्षी पाहत नाही. पाण्याचा पितळी गुंड दोन्ही हातांनी उचलते, डोळे मिटते आणि सांगते, भरीव आहे की पोकळ. दुकानदार तिला पाहून आतली भांडी काढतात. हलकं भांडं मुलीला देणं म्हणजे मुलीला हलकं करणं, असं तिचं साधं शास्त्र आहे. त्या शास्त्रातून आजवर काहीच सुटलेलं नाही, मीही नाही. माझं स्थळ पाहून आल्यावर ती एवढंच म्हणाली होती, "पोरगा वजनदार हाय."

दुकानदार चाळिशीचा, हसतमुख माणूस. आईला पाहताच स्टूल पुढे केलं. "आओ अम्मा. मोबाइल बराबर चल रहा ना?"

"चालते बाबू. हे माही पोरगी. हिले लॅपटॉप दाखव. भरीव दाखवजो."

मी घाईघाईने माझ्या हलक्याचं नाव सांगितलं. त्याने तो काढून काचेवर ठेवला, शेजारी तुलनेला मोठाही ठेवला. चांदीच्या ताटासारखा चकचकीत, पातळ, देखणा होता माझा. मी बोट लावणार तोच आईने तो उचलला. डोळे मिटले.

"पोकळ हाय," ती म्हणाली.

"अम्मा, वजन कम है इसीलिए तो महंगा है."

"म्हंजे माल कमी आन पैसे जास्त?"

"कम वजन का ही पैसा है, अम्मा."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ओळखीचा माणूसही शेवटी दुकानदारच निघाला. मग बोटाच्या पेराने झाकणावर टकटक केली, उलटा करून पोट पाहिलं. "याले पंखा कुठं हाय?"

"ये बिना पंखे का आता. आवाज नहीं करता."

आता आईला जोर चढला. "अकोल्यात बिनापंख्याचं मानूस जगत नाई, आन हे डबडं जगन?" दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळली. त्यातल्या एकाने मान डोलावली, आणि मला त्या अनोळखी माणसाचाही राग आला.

तिने जड लॅपटॉप उचलला. दुखऱ्या मनगटाने हात जरा खाली गेला, तिने दुसऱ्या हाताने सावरला, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "हे पाह्य. हे हाय वस्तू. दोन पंखे हाय. वर आकडेबी हाय." कुणी न सांगता ती माझ्या दिराच्या पक्षात जाऊन बसली होती. मी बॅटरी सांगितली, आकार सांगितला, रोजची कामं सांगितली. ती प्रत्येक गोष्टीला "हाव, पर" म्हणत होती. दुकानदार मध्येच म्हणाला, "ताई, यूज क्या है आपका, वो बताओ. मग मी सांगतो."

हा प्रश्न मला आठवडाभर सगळ्यांनी विचारला होता आणि प्रत्येकाला मी "क्लास" एवढंच उत्तर दिलं होतं. इथेही तेच देणार होते. पण आई हलक्या लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाली, "हे कायले पाहिजे तुले? तुले कोनतं बोचकं घेऊन गावोगाव हिंडाचं हाय?" आणि माझा तोल गेला. मी स्वभावाने तापट आहे, त्यात सकाळपासून एसटीचे धक्के खाल्लेले.

"तुह्या घरी याचं हाय मले!" मी ओरडलेच. "दर सोमवारी हे बोचकं पाठीवर टाकून तुह्या घरी याचं हाय. गुरुवारपर्यंत राह्याचं हाय. लाइन गेली तरी क्लास घ्याचा हाय. तू पडशीन त मले शेजारनीकडून आयकाचं नाई. म्हनून हलका पाहिजे. समजलं?"

दुकानदाराने विनाकारण फडकं घेऊन काच पुसायला सुरुवात केली. मला वाटलं, आता येणार ते धाड भरल्याचं वाक्य. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

पण आईने हातातला जड लॅपटॉप काचेवर ठेवला, पदर सारखा केला. मग दुकानदाराला विचारलं, "बाबू, लाइन गेल्यावर हा जडवाला किती येळ चालते?"

"दो घंटे आराम से, अम्मा."

"हिचा क्लास तेवढाच असते. आन हा पाठीवर टाकून एसटीत दर हप्त्याले नेता येईन?"

"ना अम्मा, कंधा जाएगा. ये तो एक जगह रखने की चीज है."

"मंग हाच बांध," आई म्हणाली.

"आई, ऐकून राहिली का तू? मी काय सांगून राहिली..."

"आयकलं." ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. "तिकडं तुह्या घरी जुना हाय ना? तिकडं थो वापर. हा इथं राहीन, माह्या टेबलावर. हलका घेशीन त गुरुवार आला का उचलशीन आन निघून जाशीन."

दर रविवारी चार वाजले की "जाय बाई, बस चुकन" म्हणून माझी पिशवी स्वतः दारात आणून ठेवणारी ही बाई. मला इतकं भरून आलं की मी दुकानदाराकडे पाठ करून प्रिंटरचे भाव वाचत उभी राहिले. एकही आकडा दिसला नाही.

जडच घेतला. रिक्षात बसल्यावर मुलाचा फोन आला. "आई, कोनता घेतला?"

"तू म्हणत होतास तोच. सोळा जीबी, ग्राफिक्स कार्ड."

"अरे वा! मग आज रात्री आणतेस?"

"नाही," मी म्हटलं. "तो अकोल्यालाच राहणार आहे. उद्या, परवा आणि त्याच्या पुढचे दोन दिवस मीही."

तो काही विचारत होता, पण गोरक्षण रोडच्या गोंगाटात ऐकू येईना. शेजारी आईने खोकं मांडीवर घेतलं होतं. अडीच किलोचं ते, वर चार्जर, तिच्या गुडघ्याला नक्कीच टोचत असणार. मी म्हटलं, "दे इकडं, जड हाय." तिने ते दोन्ही हातांनी आणखी जवळ ओढलं आणि म्हणाली, "राहू दे. होऊ दे जड."