पश्चिमेच्या भिंतीचं थर्माकोल

भाच्याने माझ्या खोलीला बाहेरून थर्माकोल लावलं, त्याला आता चौथा पावसाळा लागेल. माझ्या भावाचा पोरगा तो. गोंदियात बंगल्यांना असं करून देतो. सौंदडच्या अलीकडे आमचं गाव, घर अगदी रस्त्याला लागून. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारी भिंत. तेव्हा मला वाटलं, पोराला आत्याची काळजी आली.

मातीची खोली पाडून विटांची बांधली, ही चूक माझीच. एकेरी वीट आणि पश्चिमेचं ऊन. मे महिन्यात दिवे लागायच्या वेळीही भिंतीला पाठ टेकवत नव्हती. भाचा म्हणाला, "आत्या, घराले बाहेरून गोधडी घालून देतो. वीस वर्षं पाहाचं काम नाही."

पांढऱ्या थर्माकोलचे मोठे तुकडे चिकटवले, वरून पातळ गिलावा, त्यावर पिवळा रंग. दोन दिवसांत काम झालं. नवीन होती तेव्हा त्याने भिंतीचे पुष्कळ फोटो काढले. खोली थंड झाली, यात खोटं नाही.

जाताना त्याने बजावलं, "या भिंतीले शेण-छुई लावू नको. खराब होते." आमच्याकडे दिवाळीआधी भिंतीचा खालचा, कंबरेइतका पट्टा शेणाने सारवतात आणि त्याच्यावर छुईचा, म्हणजे पांढऱ्या मातीचा हात देतात. कळत्या वयापासून मी हे एक वर्षही चुकवलं नव्हतं. त्याच्या शब्दावर तीन दिवाळ्या त्या भिंतीला बोट लावलं नाही. गावातल्या बाया म्हणायच्या, "बुढी आळसली." म्हणू दिलं.

पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही. दुसऱ्यात छपराच्या कवेलूखाली, म्हणजे कौलांखाली, जिथे पाणी गळतं तिथे, शेवाळ धरलं आणि केसासारख्या भेगा पडल्या. उन्हाळ्यात त्या रुंद झाल्या. तिसऱ्या पावसाळ्यात भेगांतून पाणी आत गेलं. टिचकी मारली की भिंत पोकळ वाजायची. मुंग्यांनी घर केलं. खारीने वरच्या कोपऱ्यात भोक पाडलं, तेव्हापासून अंगणात पांढरे दाणे उडतात आणि कोंबड्या ते टिपायला धावतात. त्यांना हाकलण्यात माझी सकाळ जाते.

भाच्याला फोन केला की म्हणायचा, "येतो ना आत्या. टेन्शन काऊन घेऊन राहिली?" आणि यायचा नाही.

रस्त्यापलीकडच्या शेजारणीच्या नवऱ्याला लकवा झाला आहे. तो पश्चिमेच्याच खोलीत पडून असतो, कूस बदलायलाही बायको लागते. तिने ठरवलं होतं, मावशीची, म्हणजे माझी, भिंत टिकली तर आपल्याही खोलीला तेच लावायचं. तिने मागच्या उन्हाळ्यात मला विचारलं होतं. मी म्हणाले होते, "बेस आहे, चांगली टिकली."

या वर्षी तिनेच भाच्याला बोलावून घेतलं. तो मोटरसायकलवर आला, तिला घेऊन माझ्या अंगणात शिरला. ती रस्त्यावरून रोज ही भिंत पाहायची, पण जवळून नव्हती पाहिली.

"हे काय जी मावशी? भिंतीले नायटा झाला काय?"

भाच्याने घाईने पिशवीतून नमुना काढला. वहीएवढा तुकडा. "हे पाहा बाई. थर्माकोल, त्याच्यावर ही जाळी, मग गिलावा. जाळीनं भेग पडत नाही."

"मग इथं काऊन पडली?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "आत्यानं शेणानं सारवलं ना. कितीदा सांगितलं. जुनी माणसं, ऐकतच नाही."

मला आधी वाटलं, गंमत करतो आहे.

"मी सारवलं?"

"राहू दे ना आत्या आता."

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि हात वर केला. "पाह्य, माझा हात कुठवर पोचते ते." हात खिडकीच्या वरच्या चौकटीलाही लागला नाही. भेगा त्याच्या कितीतरी वर होत्या. खालचा पट्टा, जिथे मी सारवलं असतं, तोच तेवढा धड होता. "कवेलूवर चढून सारवलं काय रे मी?"

शेजारीण हसली. तो चिडला. "चूप बस ना. घरातली गोष्ट आहे."

निंदणाची खुरपी ओट्यावरच होती. मी ती पोकळ वाजणाऱ्या जागी घातली. गिलावा पापडासारखा सुटून हातात आला. त्याच्या नमुन्याशेजारी धरला. नमुन्यात निळी जाळी होती. माझ्या तुकड्यात काहीच नव्हतं.

"जाळी कुठं आहे?"

"मजुरांनी टाकली नसन."

"दोन्ही दिवस तू इथंच खाटेवर बसून होता."

त्याने नमुना पिशवीत टाकला. "घरच्या माणसाले असं चारचौघांत तोंडावर पाडते कोणी?"

"घरच्या माणसाले बिनजाळीचं लावते कोणी?"

तो गेला. त्याच्या बापाला त्याने काय सांगितलं कोण जाणे. भाऊ मला पंधरवड्याला एक फोन करायचा, तो आता येत नाही.

शेजारीण मात्र अंगणातच उभी होती. तिने तो सुटलेला तुकडा उचलून उलटा-पालटा करून पाहिला.

"मावशी, हे या वर्षी फुटलेलं नाही."

"नाही."

"मागच्या उन्हाळ्यात तुम्ही बेस आहे म्हणून सांगितलं मले."

"सांगितलं."

"कायले?"

"भावाचा पोरगा होता."

"आन् माहा माणूस?"

तिने तुकडा ओट्यावर ठेवला आणि रस्ता ओलांडून गेली. तिने थर्माकोल लावलं नाही. आता रोज दुपारी ती नवऱ्याच्या खिडकीला ओलं पोतं बांधते. ते सुकलं की पुन्हा बाहेर येते, पाणी मारते. मी दारातच बसलेली असते. ती इकडे पाहत नाही.