चार बावळट पोरं आणि आमचा सोफा

गेल्या शनिवारी संध्याकाळी इथे अमेरिकेत, अल्फारेटातल्या आमच्या घरी मी सोफ्यावर अक्षरशः कोसळलो... ऑफिसातलं शुक्रवारचं सॉफ्टवेअर रिलीज शनिवारी सकाळपर्यंत निस्तरलं. मग ग्रोसरी, मग लॉन, आणि मग ड्रायरमधून काढलेल्या कपड्यांचा डोंगर.

माझी बायको मेधा सध्या नागपूरला आहे. तिच्या बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे इथे मी आणि पंधरा वर्षांचा निहार, दोघंच.

दोघंच म्हणजे तसा मी एकटाच. गेले कित्येक दिवस निहार फक्त ‘फाइन’, ‘ओके’ आणि ‘आय नो’ एवढ्यावर भागवत होता. टीनएजर आहे, चालायचंच, असं सगळे म्हणतात... मीही तेच धरून बसलो होतो. दुसरं काही धरायला अंगात त्राण नव्हतं, हे खरं.

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला तो टीव्ही बघत होता. मी डोळे मिटून पडलो होतो आणि कानावर एक ओळखीचा ॲक्सेंट आला... उठूनच बसलो. अरे, ही तर ती ब्रिटिश सिरीयल! शाळेतली चार पोरं, चौघंही बावळट, आणि मुलींशी बोलायला गेली की हमखास तोंडावर आपटणारी.

खूप वर्षांपूर्वी मी इंग्लंडला ऑनसाइट होतो, तेव्हा आम्ही रूममेट्स वरण-भाताची ताटं मांडीवर घेऊन ही बघायचो. निम्मे शब्द कळायचे नाहीत... आणि जे कळायचे ते घरी फोनवर सांगण्यासारखे नसायचे. निहारचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

“तुला ही कुठे सापडली रे?”

“एव्हरीवन नोज इट, बाबा. क्लिप्स येतात ना.”

एवढं मोठं उत्तर मला बऱ्याच दिवसांनी मिळालं होतं.

आता पंचाईत अशी, की ही सिरीयल बापलेकांनी एकत्र बघण्यासारखी अजिबात नाही. दर दोन मिनिटांनी असं काही येतं की एकाने छताकडे बघावं आणि दुसऱ्याने फोनमध्ये डोकं घालावं. बंद कर म्हणणार होतो... पण म्हणायचाही कंटाळा आला. मोजे जोडत बघत राहिलो.

एका एपिसोडमध्ये त्यातल्या एका पोराचा सगळ्या शाळेसमोर पचका होतो. मी खळखळून हसलो. निहार हसला नाही. त्याने पॉज केलं आणि स्क्रीनकडेच बघत म्हणाला, “दिस हॅपन्ड टू मी.”

मग तुकड्या-तुकड्यांत बाहेर आलं. इथे शाळेच्या होमकमिंग डान्सला मुलीला विचारायचं तर पोस्टर करून विचारतात. यानेही गराजमध्ये बसून ग्लिटर लावून एक पोस्टर केलं होतं. (मला वाटलं होतं, सायन्सचं प्रोजेक्ट असेल.) कॅफेटेरियात सगळ्यांसमोर ते उघडलं, तर ती मुलगी म्हणाली की तिला आधीच कुणीतरी विचारलंय. ती नीट बोलली बिचारी... पण कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो सगळ्या ग्रुप चॅट्सवर फिरला.

तेव्हापासून हा पोरगा डबा घेऊन शाळेच्या बँडची वाद्यं ठेवतात त्या बँड रूममध्ये जातो आणि क्लॅरिनेटच्या केसेसशेजारी एकटाच बसून जेवतो.

एरवी मी लगेच सुरू झालो असतो... कॉन्फिडन्स, इग्नोर कर, मी तुझ्या वयाचा असताना, वगैरे. पण एवढा दमलो होतो की उपदेश तोंडापर्यंत आलाच नाही. नुसता त्याच्या शेजारी सरकलो.

मग त्यानेच विचारलं, “तुझं कधी झालंय असं?”

झालं होतं ना! नागपूरला कॉलेजच्या गॅदरिंगला एका मुलीला इम्प्रेस करायला मी स्टेजवर गझल म्हणायला उभा राहिलो. पहिल्या ओळीनंतर आवाजच फुटेना... तेवढ्यात मागून कुणीतरी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडलं, “अबे, पाणी पाजा रे याला!” डिग्री हातात पडेपर्यंत कॉलेजात माझं नाव ‘पाणी’ होतं.

“वेट... दे कॉल्ड यू पाणी?” असं म्हणून निहार जो हसत सुटला, तो सोफ्यावरून घसरून घडी केलेल्या कपड्यांवर पडला.

नेमका तेव्हाच मेधाचा फोन आला. तिकडे पहाट झाली होती. तिने विचारलं, “हे निहारचं हसणं आहे?” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “ठेवते मी. हसू दे त्याला.”

ही सिरीयल अजून का चालते, ते मला त्या दिवशी थोडंफार कळलं. त्या पोरांचे फोन आता हास्यास्पद वाटतात, कपडेही. पण सगळ्यांसमोर तोंडावर आपटणं काही जुनं होत नाही... आणि त्या चौघांतला कुणी आपटला की बाकीचे तिघं त्याची यथेच्छ टर उडवतात, पण दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी बसतात.

सोमवारी तो कुठे जेवला, मी विचारलं नाही. बुधवारी कारमध्ये आपणहून म्हणाला की बँडमधल्या ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या दोघांना त्या सिरीयलचे डायलॉग पाठ आहेत... आणि ते शनिवारी आपल्याकडे आले तर चालेल का?

आज ते आलेत. वर निहारच्या खोलीत नुसता गोंधळ चाललाय, जमीन हादरतेय, आणि माझी एक झोप हुकली आहे. पुढच्या आठवड्याचं रिलीज आहेच डोक्यावर. ओव्हनमध्ये दुसरा पिझ्झा टाकलाय... त्या दोन पोरांच्या आयांनो, तुम्ही कोण आहात ते मला अजून माहीत नाही, पण थँक यू.